घड्याळात सातच वाजले होते

आल्चे आजींनी जेवण झाल्या झाल्याच कोट चढवला होता. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पांढऱ्या लायलॅकच्या फुलांची फांदी घेऊन त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. आज चार मे. संध्याकाळी आठला सगळा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो, युद्धात गेलेल्यांसाठी. त्याआधी गावच्या स्मारकापाशी नावं वाचतात आणि ज्याचं नाव येईल त्याच्या घरचं माणूस पुढे होऊन फुलं ठेवतं. हार्मची फुलं आल्चे आजींनी ठेवायची, अगदी लहान होत्या तेव्हापासून. हार्म त्यांचा थोरला भाऊ. जर्मनांच्या कारखान्यात राबायला जाणार नाही म्हणाला, गवताच्या कोठारात लपला, सापडला आणि कालव्याच्या बांधावर गोळीने मेला. त्याला पाहिलेलं गावात आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

हृदयाचं काय ते डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगून टाकलं होतं. पुढचा मे दिसेल याची आजींना खात्री नव्हती. म्हणून त्यांनी एकच मागणं मागितलं होतं, यंदा मला तिथे न्या.

शब्द दिला होता रेन्स्केने. ती रोज सकाळी आजींच्या सुजऱ्या पायांत घट्ट मोजे चढवायला यायची आणि संध्याकाळी उतरवायला. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे पाय तिच्या हातून जायचे. "माझी फेरी मी बदलून घेते, आजी. तुम्हाला ढकलत नेईन, आणि पाऊस आला तर छत्रीसकट नेईन," ती म्हणाली होती. आजींची मुलगी हिलेके तेव्हा शेजारीच बसली होती. ती स्मारक समितीची अध्यक्ष.

रेन्स्के आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा वाजत होते.

"लवकर आलीस गं."

"म्हटलं मोजे एकदा नीट बसवू. सुरकुती पडलीय बघा. वाटेत काचला म्हणजे?"

"काचू दे. माझा पाय आहे."

"पाय तुमचा, पण बोलणी मला बसतात," रेन्स्के मोठ्याने म्हणाली, कारण आजींना कमी ऐकू यायचं. मग ती जमिनीवर बसली. एक मोजा उतरवला, पोटरीला मलम चोळलं, पुन्हा चोळलं. थंडी आहे म्हणून उठून खिडकी लावली. धाकट्या बहिणीच्या लग्नाची, होणाऱ्या व्याह्यांच्या कंजूषपणाची गोष्ट काढली. आजी हसल्याही. टीव्ही दुपारपासून बंद पडला होता, नाहीतर त्यांनी राजधानीतली गर्दी पाहिली असती. बाहेर ऊन तर अजून भिंतीभर होतं. मे महिन्यात उत्तरेकडच्या त्या देशात सातचं ऊन आणि आठचं ऊन यांत फरक सांगणं कठीण.

घड्याळात सात झाले. दुसरा मोजा रेन्स्केने टाचेपर्यंत उतरवला होता. बोलता बोलता ती मध्येच थांबली. वाक्य अर्धं राहिलं, हात टाचेवर तसाच राहिला आणि तिची मान खाली गेली.

आजींनी आधी तिच्या डोक्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. समोरचा फोको, ज्याच्या तोंडाला चर्चमध्येसुद्धा कुलूप नसायचं, तो टोपी हातात घेऊन सायकलीपाशी उभा होता. त्याच्या मागे दुधाचा टँकर भर रस्त्यात थांबला होता आणि चालक खाली उतरलेला होता.

खरं तर आठ वाजले होते. नावं वाचून झाली होती.

रेन्स्केला खोटं बोलायला जमलं, पण आठला बोलत राहायला जमलं नाही. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट; आजींना ऐकू न आलेली चर्चची घंटा थांबली आणि तिचे हात आपोआप थांबले. आजींच्या छातीत संताप असा उसळला की ओरडावं, फांदी तिच्या डोक्यात घालावी. पण ही दोन मिनिटं हार्मची होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि ज्या पोरीने केसाने गळा कापला, तिच्याच बरोबर गप्प बसल्या.

टँकर हलला.

"घड्याळ कोणी मागे केलं?"

रेन्स्के रडायला लागली. "हिलेकेताईंनी. म्हणाल्या, आईच्या हृदयाला सोसणार नाही. मला वाटलं, तुमच्या भल्याचंच आहे..."

"आधी पाय पूस. रडणं मग."

हिलेके आली ती काळ्या कोटातच. आईकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती समोर बसली.

"आई, यंदा स्मारकाच्या दगडावर डर्कचं नाव घातलंय. समितीत मीही हात वर केला. तू गावासमोर ते ऐकावंस असं मला वाटेना."

डर्क शेजारच्या मळ्यावरचा गडी. हार्म कुठे लपलाय ते त्यानेच सांगितलं होतं, आणि पुढे तोही जर्मनांच्या छावणीत मेला. आल्चे आजींच्या घरात त्याचं नाव कोणी घेत नसे.

"हार्मची फुलं कोणी ठेवली?"

"मी."

आजींनी फांदीचा कागद सरळ केला.

"जर्मनांनी डर्कला चौकात आणला तेव्हा मी तिथे होते," त्या म्हणाल्या. "त्याच्या हाताला बोटं म्हणावीत असं काही राहिलं नव्हतं. इतकं झाल्यावर त्याने तोंड उघडलं. मी त्याला कधी माफ केलं नाही, पण ते हात मी पाहिलेत. नाव घालायचंय का, हे मला विचारायचं होतंस." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुला कोणी साधी चापट तरी मारली होती का गं?"

हिलेके खुर्चीतून उठली.

"जाताना घराची किल्ली टेबलावर ठेव."

किल्ली ठेवल्याचा आवाज आजींना ऐकू आला नाही, पण त्यांनी ती ठेवलेली पाहिली. दार लागलं. रेन्स्के मोज्यांची घडी हातात घेऊन उभी होती.

"मी उद्या येऊ ना, आजी?"

आजींनी आपल्या उघड्या, फुगलेल्या पायांकडे पाहिलं.

"ये," त्या म्हणाल्या. "मोजे मला चढवता येत नाहीत."