फळ्या काढल्यावर

बसा हो, चहा घ्या. उणकलच्या गोपाळची गोष्ट सांगतो, मग तुमच्याकडं एक काम आहे.

गोपाळ आधी सेंट्रिंगवर होता. उणकलला नवी घरं उठली, त्यातल्या निम्म्या स्लॅबखाली, काँक्रीट धरेपर्यंत, त्याच्याच फळ्या. पाठ धरली, तसा धारवाडला एका लॅबमध्ये काचेच्या प्लेटा धुवायला लागला. तिथं दीपश्री मॅडम जंतूंवर पीएचडी करत होती. जंतूच्या पोटात प्रोटीन बनवायची यंत्रं असतात म्हणे, रायबोसोम. त्या यंत्राजवळ घुटमळणाऱ्या एका प्रोटीनचं काम काय, तेच तिला दोन वर्षं कळेना. काढून टाकलं तरी जंतू मजेत वाढायचे.

डिसेंबरात जंतू वाढवायची उबेची पेटी भरली, म्हणून गोपाळनं उरलेल्या जंतूंच्या प्लेटा मागच्या थंड खोलीत ठेवल्या. चार दिवसांनी मॅडम ओरडली, "अण्णा, कुणाला विचारून?"

"शिव्या मग द्या अक्का, आधी बघा. साध्या जंतूंचे ठिपके आलेत. तुमच्या, ते प्रोटीन काढलेल्या जंतूंची प्लेट कोरी. थंडीत यांचं कायतरी अडतंय."

मॅडमनं प्लेट उजेडात धरून पुन्हा बघितली. मग तिनं समजावलं: यंत्र बनताना आरएनएचा लांब धागा कापून, घडी घालून बसवायचा असतो. हे प्रोटीन त्याला धरून ठेवतं, आणि यंत्र तयार झालं की निघून जातं.

"म्हणजे सेंट्रिंगच की! थंडीत स्लॅब उशिरा धरतो. फळ्या नसल्या तर कोसळणारच."

"अण्णा, माझ्या संशोधनाच्या पेपरात तुमचं नाव घालणार. देवाशपथ!"

वर्षभर गोपाळनं थंड खोलीत प्लेटा सांभाळल्या. मग लॅबच्या मोठ्या सभेला इस्त्रीचा शर्ट घालून मागं उभा राहिला. पडद्यावर सेंट्रिंगचा फोटो आला, त्यानंच दिलेला. मॅडम कन्नडमध्ये म्हणाली, "आमचं घर बांधताना हे मला सुचलं. मग प्लेटा मी मुद्दाम थंडीत ठेवल्या."

दाराशी गाठून त्यानं विचारलं, "अक्का, माझं नाव?"

ती हसली. "अण्णा, तुम्हीच सांगितलंत ना? घर झाल्यावर फळ्या कोण ठेवतं?"

फळी काढतानासुद्धा खाली कोण उभं नाही ना, म्हणून हाक मारतात हो. गोपाळला तेवढीही हाक नाही.

हा बघा तो पेपर. त्यानं ट्रंकेत जपलेला, वाचून घ्यायला माझ्याकडं दिलाय; आशा सुटत नाही. तुम्हाला इंग्रजी येतं. शेवटी बारीक अक्षरात आभार असतात म्हणे. जरा वाचा, गोपाळ कुठं आहे का. नसला तर मलाच सांगा, त्याला नको.