ठकीची पाव गोळी

पाव

तिने ठकीला खाट क्रमांक शून्यावर झोपवलं. वय सत्तर, हृदयविकार, जवळचे नातेवाईक: नाहीत.

रुग्णालयात औषधं देणाऱ्या प्रणालीची हुबेहूब नक्कल तिने वेगळ्या संगणकावर उभी केली होती. नवी आवृत्ती आधी तिथे चढवायची, काय बिघडतं ते बघायचं. नकलेत खरा रुग्ण घालायचा नाही, हा तिचाच नियम. म्हणून ठकी.

“भातुकली मांडलीत वाटतं,” विभागप्रमुख दारातूनच म्हणाले. “चारला अपग्रेड आहे. कंपनीने सगळं तपासलंय.”

“पाऊण तास द्या, सर.”

“वडील वरच्या वॉर्डात आहेत म्हणून एवढा हट्ट?”

तिने वॉर्डच्या सिस्टरला फोन लावला. वडिलांना रोज संध्याकाळी हृदयाची पाव गोळी असे. अख्खी त्यांना झेपली नसती.

अर्धा

वॉर्डची सिस्टर शेजारी येऊन बसली.

“रोज टाकते तसंच टाकू?”

“अगदी तसंच. शहाण्यासारखं काही करू नका.”

सिस्टरने टाइप केलं: पाव. राउंडला डॉक्टर जे म्हणत, तेच सिस्टर दहा वर्षं लिहीत आली होती. जुन्या प्रणालीला ते शब्द कळत, कारण ते कुणीतरी तिला बसून शिकवले होते. ते कुणीतरी आत्ता सिस्टरच्या शेजारीच नखं कुरतडत होतं.

पाऊण

प्रिंटरमधून चिठ्ठी आली. हृदयाची गोळी: १.

लाल खूण नाही, तक्रार नाही. शब्द कळला नाही, तर नव्या आवृत्तीने खुशाल एक धरून टाकला होता.

“अगं बाई! ठकी गेली की आपली!”

“गेली!” तिने टेबलावर थाप मारली. “गेली, सिस्टर!”

दोघी इतक्या मोठ्याने हसल्या की विभागप्रमुख धावत आले. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. मग चारचं अपग्रेड थांबवायला फोन त्यांनीच लावला.

एक

पाव, अर्धी, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. एकेक शब्द तिने शिकवला. कळला नाही तर अडायचं, हेही. दर चिठ्ठीगणिक ठकी जगत गेली.

“सरका जरा.” विभागप्रमुखांनी टाइप केलं: औट.

पडद्यावर अक्षरं आली: हा शब्द कळला नाही. सिस्टरला विचारा.

“मला तरी कुठे कळलाय!” सिस्टर म्हणाली.

“साडेतीन. आजी म्हणायची आमची.” ते पडद्याकडे बघत राहिले. “अडतंय. अंदाज करत नाहीये.”

“नाही करत.”

“मग चढवा.”

सव्वा

संध्याकाळी सहाला वॉर्डात नव्या आवृत्तीची पहिली चिठ्ठी निघाली: पाव गोळी.

वडिलांनी तो तुकडा तळहातावर उलटसुलट करून पाहिला.

“दिवसभर तोंड दाखवलं नाहीस.”

“ठकी आजारी होती, बाबा.”

“आपली? लाकडाची?” त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला, वर पाण्याचा घोट घेतला. “तिला काय होतंय! मी केलीये ती.”