आदल्या स्टेशनाचं तिकीट

ताईचं हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. "आत नेण्याआधी एकदा तुझं तोंड दिसू दे गं," एवढंच ती फोनवर म्हणाली. मी म्हटलं, सकाळच्या गाडीचं तिकीट काढा. झालं, आमचे हे मोबाईल घेऊन बसले.

एकच गाडी, एकच डबा, पण सकाळी एक भाव, दुपारी दुसरा आणि खिडकीवर तिसराच. ते काय तिकीट आहे की भाजीबाजार? शेवटी ह्यांनी शोध लावला की आमच्या स्टेशनाहून काढलं तर महाग आणि आदल्या मोठ्या स्टेशनाहून काढलं तर स्वस्त. अंतर जास्त, पैसे कमी! मला वाटलंच, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. पण हे लढाई जिंकल्यासारखे घरभर फिरत होते, म्हणून गप्प बसले.

आमच्या स्टेशनावर चढले तर माझ्या जागेवर एक बाई ऐसपैस झोपलेली. तपासनीस म्हणाला, तुम्ही तिकिटावरच्या स्टेशनावर चढला नाहीत म्हणून जागा दुसऱ्याला गेली, आणि हे तिकीटही बाद. दंड भरून नवीन काढा, नाहीतर पुढं उतरा. माझं टाळकंच सटकलं. लांबचं तिकीट काढून मी उशिरा चढले, यात तुमचं काय गेलं, असं मी विचारलं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"बाई, मला तरी कुठं कळतंय? मी माझ्या बायकोला बसनं पाठवतो."

उतरले असते तर पुढची गाडी थेट रात्री. मुकाट्यानं पैसे मोजले, दाराशी बॅगेवर बसले आणि फोनवर ह्यांची बिनपाण्यानं केली.

त्यातून गाडी रखडली. दवाखान्यात धावत शिरले तेव्हा ताईचं स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी पोचलं होतं आणि नर्स वैतागलेली. मी ताईचा हात धरला. गार पडला होता.

"दोनदा बाथरूमला जायचं नाटक केलं गं," ती कुजबुजली. "तिसऱ्यांदा सोडलं नाही त्यांनी."

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. नर्सनं दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं आम्ही हात सोडले.