दोन काटे आणि अर्धा चहा

मिरकरवाड्याच्या बंदरात एकेकाळी आनंदाच्या कानांची ख्याती होती. ट्रॉलरवर इंजिनाशेजारी तीस वर्षं काढलेला माणूस. धक्क्यावर उभ्या उभ्या, आत येणाऱ्या बोटीच्या इंजिनाचं काय दुखतंय ते तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. पुढे त्याच इंजिनांनी त्याचे कान खाल्ले. आता शेजारी फटाका फुटला तर तो वळून विचारतो, "कोण हाक मारतंय?"

बोट सुटली, पण स्टिअरिंग सुटलं नाही. गेली चार वर्षं तो जुन्या डिझेल जीपमधून बर्फातली मासळी लोट्याच्या कारखान्यांपाशी नेत होता. बायको आवडाबाई सोबत असायची, तिथे ती कामगारांना विकायची. पहाटेच्या लिलावात घसा फोडून आलेली ही बाई वाटेत डुलकी म्हणून काढत नसे. उलट मधेच त्याचं कोपर दाबायची आणि कानाशी ओरडायची, "थांबवा, च्या हवाय." थांबलं की म्हणायची, "थांबलोच हाव तर बॉनेट उघडून पाणी बगा." आणि मागवलेला चहा अर्धा टाकून द्यायची. "आमच्या हिला च्याचं व्यसन, तेपण अर्ध्या कपाचं," असं आनंदा गावभर सांगत फिरे.

महिन्यापूर्वी आवडाबाई तापाने पडली आणि तो एकटाच गेला. परशुराम घाटात इंजिन तापून ठोकायला लागलं. मागचे गाडीवाले हॉर्न मारून मारून दमले, आनंदा आपला ऐटीत. समोर धूर दिसला तोवर इंजिनातलं हेड गॅस्केट जळून गेलं होतं.

त्यांची मुलगी योगिनी लोट्यालाच एका कारखान्यात मीटर तपासायच्या कामावर होती. गाडी दुरुस्त होऊन आली तशी तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, "बाबा, आता पुरे."

"बोट गेली, कान गेले, आता गाडीपण काढून घे," आनंदा म्हणाला. "मी धक्क्यावर बसून कावळे हाकतो." त्या दिवशी तो जेवला नाही.

पण योगिनी त्याचीच लेक. रविवारी ती दोन गोल मीटर घेऊन आली. "हा तेलाचा दाब सांगेल, हा पाणी किती तापलंय ते. कान नकोत, डोळे चालतील. हे नीट चालले तर किल्ली तुमची."

डॅशबोर्डखाली मीटर तिने बसवले, वायरी इंजिनापर्यंत नेल्या. ती हात धुवायला घरात गेली तेवढ्यात आनंदाने वायरींच्या टोकाचे दोन्ही सेन्सर स्वतःच इंजिनात पिळून बसवले. गाडी सुरू केली तर तेलाचा काटा टोकाला चिकटला, पाण्याचा तळाशी बसला. अर्धा तास झाला तरी दोन्ही काटे हलायला तयार नाहीत.

"बग गो, दाब किती! आणि इंजिन कसं थंडगार!" आनंदा फुशारला.

योगिनीने रेडिएटरच्या पाइपाला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. "काटे खोटं बोलतायत, बाबा."

किल्ली गेलीच म्हणायची. इंजिन निवल्यावर तिने सेन्सर उघडले आणि तिला हसूच आवरेना. आट्यांवर पांढऱ्या टेपचे वेढ्यावर वेढे. बोटीवरची सवय, समुद्राला फट दाखवायची नाही! जित्याची खोड ती.

"अहो, याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकायला लागतं. वीज तिथूनच परत जाते. तुम्ही याला गोधडीत गुंडाळलात."

तिने आटे खरवडून साफ केले, तांब्याचा वॉशर घालून सेन्सर पुन्हा आनंदाच्याच हाती दिले. या खेपेला तेलाचा काटा मधोमध उभा राहिला. पाण्याचा हळूहळू चढत पंच्याऐंशीवर थांबला. आनंदाने अॅक्सिलरेटर दाबला. तेलाचा काटा उठला, पाय काढला तसा खाली आला. पुन्हा दाबला, पुन्हा उठला.

"आवाज दिसतोय गो बाय," तो म्हणाला आणि लेकीसमोर त्याने चक्क हात जोडले. तिने त्या हातांत किल्ली ठेवली.

आवडाबाई मात्र काट्यांकडे बराच वेळ बघत होती. "हे इथं असले की सगळं बरं? नक्की?"

"नक्की, आये."

मंगळवारी जीप निघाली. हातखंबा गेलं. कोपर कुणी दाबलं नाही. संगमेश्वर जवळ आलं तरी नाही. आनंदाने बाजूला पाहिलं. आवडाबाई काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

चार वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. थांबलं की बॉनेट. बॉनेट की पाणी. आणि चहा नेहमी अर्धा. ती नव्हती त्याच दिवशी तेवढं गॅस्केट जळलं. त्याचे डोळे भरून आले. काटे पुसट दिसायला लागले तशी त्याने जीप टपरीपाशी घेतली आणि चहा आणला.

ती दचकून उठली. आधी काट्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काय झालं? तापली?"

"नाय. इतकी वर्सं माझे कान तूच होतीस. बोलली का नायस?" त्याने मोठ्याने विचारलं.

तिने तोंड त्याच्या कानाशी नेलं. "सगळ्या मिरकरवाड्याला तुमच्या कानांचा अभिमान. ते गेले असं मी कशी सांगू?"

आनंदाने कप तिच्या हातात दिला.

"आज पुरा पी," तो म्हणाला.