खोडलेला नववा नियम

मी एक नियमपुस्तिका बोलतेय. चोवीस पानांची, सायक्लोस्टाइल केलेली, पिना गंजलेली. टेबलावर शिशाचे शिपाई मांडून लढाई कशी खेळायची, ते माझ्यात लिहिलंय. गेल्या रविवारी जे कानावर पडलं, त्यातून मी अजून सावरलेली नाही. पण सुरुवातीपासूनच सांगते.

मला लिहिलं भूगोलाच्या एका मास्तरांनी. नकाशांचं वेड, त्यातून हा नाद लागला. शिपाई ते घरीच साच्यात ओतायचे. शाळेच्या यंत्रावर माझ्या मोजक्या प्रती निघाल्या. शाई इतकी ओली होती, की हेडमास्तर कौतुकाने मला उचलायला गेले आणि सातव्या पानावर त्यांचा अंगठा कायमचा उमटला.

दर रविवारी दुपारी मास्तर मला काखोटीला मारून जिवलग मित्राच्या दुकानात जात. मित्र शिंपी. कापड बेतायच्या टेबलावर दोघं हिरवं कापड अंथरायचे. अंतर मोजायला शिंप्याच्या गळ्यातली टेप. पायदळ सहा इंच, घोडदळ बारा. फासे पडले की दोघं असे ओरडत, की गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच माघारी फिरे. शिंप्याची बायको कपाळावर हात मारून घ्यायची. "घरात एक मुलगा, एक मुलगी, आणि वर ही दोन घोडी!"

माझा नववा नियम जगावेगळा होता. 'प्रत्येकाने आपल्या शिपायांना नावे द्यावीत. शिपाई पडला, की त्याचे नाव मोठ्याने घ्यावे; मगच त्याला उचलावे.' मास्तर म्हणायचे, "नाहीतर माणसं बटणांसारखी वाटायला लागतात."

पुढे शिंप्याचा मुलगा खरोखरच फौजेत गेला. बापाचे पाय जमिनीवर ठरेनात. एका रविवारी त्याने निशाण धरलेल्या शिपायाला मुलाचं नाव दिलं. मास्तरांनी फासे टाकले. दोन्हींवर सहा. निशाणवाला आडवा झाला. शिंप्याने हसत हसतच नाव घेतलं आणि म्हणाला, "ऊठ रे, आई जेवायला थांबलीय!"

बुधवारी तार आली. तारेत तारीख होती त्याच रविवारची.

मास्तरांनी घरी मला उघडलं. नववा नियम त्यांनी लाल शाईने खोडला, इतक्या जोरात की निबेने कागद फाटला. मी थिजून गेले. माझ्यामुळे कुणी मरतं का? मरत नाही, हे मलाही कळत होतं. तरी अंगावरचा काटा जाईना. पुढच्या रविवारी मास्तर चपला घालून दारापर्यंत गेले, तिथेच उभे राहिले आणि परत आले. मग मी ट्रंकेत गेले.

किती वर्षं? मोजणार कशी! एकदा घराची साफसफाई निघाली आणि मी जुन्या वह्यांबरोबर रद्दीत पोचले. तिथून मला एका वायरमनने उचललं. त्याचं एक मंडळ होतं, सगळे हाच खेळ खेळणारे. पण त्यांची नियमांची पुस्तकं म्हणजे विटाच. "एक तोफ डागायला तीन पुस्तकं उघडा!" तो वैतागून म्हणाला. "आज हिच्यावर खेळून बघू."

दोन तासांत लढाई संपली. कुणी उठेना. "परत मांडा," सगळे एकदम म्हणाले. मी चाटच पडले. कालबाह्य म्हणून फेकलेली मी, आणि माझ्यावर ही झुंबड! महिन्याभरात माझ्या साठ झेरॉक्स निघाल्या. त्या यंत्राच्या उजेडाने डोळे दिपले माझे.

मंडळातल्या नर्सबाईंनी मला दिव्यासमोर धरलं आणि लाल रेघांखालची अक्षरं लावली. "इतका चांगला नियम कुणी खोडला? आणि का?"

मागच्या पानावर खेळायची जागा म्हणून शिंप्याच्या दुकानाचं नाव होतं. वायरमन मला घेऊन शोधत गेला. पाटी तीच होती. मशीनवर शिंप्याची मुलगी बसली होती, केस पिकलेले. मला बघताच तिचा पाय मशीनवरच थांबला. तिने सगळं सांगितलं. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"आणि मास्तर?" वायरमनने चाचरत विचारलं.

"मास्तरकाका? दोन गल्ल्या सोडून राहतात. कधीच कुठे गेले नाहीत ते."

मी हादरले. ट्रंकेच्या अंधारात मला वाटलं होतं, मास्तर केव्हाच दूर राहायला गेलेत; माझी ट्रंक तर एवढी वर्षं दोन गल्ल्यांवरच होती!

गेल्या रविवारी वायरमनने मास्तरांना हाताला धरून दुकानात आणलं. ते उंबऱ्यावरच अडले.

"पोरी, कोणत्या तोंडाने आत येऊ? तो फासा माझ्या हातून पडला होता."

"काका, बाबांनी असं एकदाही म्हटलं नाही." "ते दर रविवारी हे टेबल मोकळं ठेवायचे. गिऱ्हाइकाला सांगायचे, आज बेतायचं नाही, मास्तर येतील. शेवटच्या आजारापर्यंत. दादा का गेला, ते त्यांनी कसंबसं मनाला समजावलं. तुम्ही का गेलात, ते मात्र त्यांना कधी उमगलंच नाही."

मास्तर चपला काढून आत आले आणि टेबलाशी बसले. मला वाटत होतं, त्या दुकानाला आमचा विटाळ झालाय. आणि तिथे आमची वाट बघितली जात होती!

तिने टेबलावरचे कपडे बाजूला सारले. "मी तेव्हा चहा आणून द्यायचे आणि मागे उभी राहायचे. मला हा खेळ कुणी शिकवलाच नाही. आता शिकवा."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि माझं पहिलं पान उघडलं. वाचताना त्यांचा आवाज दोनदा फुटला. ती थांबली, त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "हं, पुढे."

आता मी त्याच दुकानात असते. पानं सुटत चाललीत, फार दिवस निघतील असं वाटत नाही. त्याचं दुःख नाही. माझ्या साठ प्रती आहेत. तुम्हाला एवढंच विनवते: तुमचीही कुणी दोन गल्ल्यांवर वाट बघत असेल, तर चपला घातल्यावर दारातून परत फिरू नका.