मधली नदी

पौषातल्या सकाळी कृष्णेवर धुकं इतकं दाट उतरतं की घाटाची शेवटची पायरी कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं, हे डोळ्यांना उमगत नाही. अशा धुक्यातून एक टाळी ऐकू यायची. एकच, कोरडी आणि नेमकी. ती पलीकडच्या काठाला लागून, ओलसर होऊन, दमून परत येईपर्यंत पायरीवर एक उंच, किंचित वाकलेली आकृती मान कलती करून थांबलेली असायची. गळ्याशी तपकिरी मफलर, डोळे मिटलेले, उजवा तळहात कानामागे. हे आमचे अण्णा. माधवनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर, पण रोज सकाळी पहिली बस धरून सांगलीच्या घाटावर जायचं आणि नदी ऐकून यायचं, हा त्यांचा नेम होता.

अण्णांनी उभी हयात कोल्हापूरच्या स्टुडिओंत आवाज धरण्यात घालवली. लांब बांबूच्या टोकाला माईक बांधून तो नटनट्यांच्या डोक्यावर, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, तासन्‌तास तोलून धरायचा. त्या कामाने त्यांचे खांदे पुढे आले होते आणि बोलणं अगदी मोजकं झालं होतं. वडील इथल्याच कापडगिरणीत होते. शाळेतून येताना डोळे मिटून चालायचं आणि मागांच्या खडखडाटावरून घर किती पावलांवर आलं ते सांगायचं, हा त्यांचा लहानपणीचा खेळ. पुढे मागांचे आवाज विरळ होत गेले, पण अण्णांच्या कानाने तो खेळ कधी सोडला नाही.

घरातसुद्धा त्यांना आवाज जागच्या जागी लागायचा. परसात असले तर परसातून ऐकू जाईल एवढंच बोलणार, कणभर जास्त नाही. त्यांच्या पत्नी मालनकाकू स्वयंपाकघरातून हाका मारून थकत आणि हे ओसरीवर बसून शांतपणे म्हणत, ‘‘ऐकू आलं. तू चुलीपाशी न्हाईस, दारात हायस.’’ काकू माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या. ‘‘बग गं! साठ वर्षं झाली, ह्येंच्या मापानंच बोलतीया मी.’’ तक्रारीत कौतुक किती होतं, हे सांगायला नकोच.

हे माप त्यांना त्यांच्या मास्तरांनी दिलं होतं. मास्तर म्हणजे पहिल्या बोलपटांच्या काळातले आवाज धरणारे. अण्णा त्यांची एक आठवण पुन्हा पुन्हा सांगत, आणि सांगताना त्यांचा स्वर जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा मंद वाजायचा. तेव्हा माईक फुलदाणीत दडवायचे. नायक-नायिका त्या फुलदाणीवर ओणवून प्रेम करायचे, कारण दोन पावलं मागे सरलं की शब्द हरवायचा. मग एका चित्रपटात कॅमेरा लांब गेला. माळावर चिंचेचं झाड, त्याखाली मुंगीएवढी दोन माणसं, आणि त्यांचं बोलणं मात्र कानाशी कुजबुजल्यासारखं. लोकांनी टाळ्या दिल्या. मास्तर मात्र मध्यंतराआधीच उठून बाहेर आले आणि थिएटरच्या पायरीवर डोकं धरून बसले. त्या दिवसापासून त्यांचा दंडक ठरला: कॅमेरा मागे सरला की माईकनेही मागे सरायचं. त्यात वारा शिरेल, पाखरं शिरतील, कुणाच्या बैलांच्या घुंगरांची किणकिण शिरेल.

‘‘शिरू दे की,’’ अण्णा म्हणायचे. ‘‘माणूस लांब हाय म्हंजे काय? तर मधलं समदं हाय. त्ये ऐकू आलं पायजे.’’

मी लग्नांचे व्हिडिओ करते, आणि हौसेपोटी अधूनमधून एखाद्या माणसाची छोटी फिल्म. गेल्या हिवाळ्यात अण्णांची करायची ठरली. त्यांना विचारलं तेव्हा ते बराच वेळ बोटांनी मफलरची दशी ओढत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज धरले, पण त्यांचा स्वतःचा आवाज कुठल्याच पडद्यावर नव्हता. एवढंच म्हणाले, ‘‘करतीयास तर बरोबर कर.’’ त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकुलती एक गोष्ट.

आणि मी ती बरोबर केली नाही. पहाटेचं धुकं विरळ होताना, उसाच्या गुऱ्हाळाचा गोड धूर हवेत तरंगत असताना मी कॅमेरा घाटाच्या अगदी वरच्या पायरीवर लावला. खाली पाण्याच्या कडेला अण्णा, करड्या उजेडात काडीएवढे. वाऱ्याची भीती होती म्हणून चण्याएवढा माईक मी त्यांच्या मफलरच्या घडीत खोचला. हल्ली सगळेच असं करतात, मीही केलं. अण्णा मास्तरांबद्दल, गिरणीबद्दल, बांबूच्या वजनाबद्दल बोलले, आणि शेवटी त्यांनी एक टाळी वाजवली.

आठवड्याने मी त्यांना ते माझ्या लॅपटॉपवर दाखवलं. हेडफोन लावून ते पाहत होते. पाहता पाहता चेहरा असा उतरला की मला कळेना कुठे बघावं. त्यांनी हेडफोन हळूच काढून मांडीवर ठेवले.

‘‘पोरी, मी तर तिकडं हाय, पान्याजवळ. आन् बोलतोय तुज्या कानात. मधली नदी कुटं गेली?’’

मी हसून म्हटलं, ‘‘अण्णा, आता चालतं हो असं.’’ ते हसले नाहीत. मला माझी लाज वाटली. पुन्हा करू, मी शब्द दिला, माईक कॅमेऱ्याजवळ ठेवून, तुमच्या मापाने.

मग लग्नसराई आली. अण्णा सकाळी आमच्या दोन अंगणांमधल्या कुंपणापाशी येऊन नुसतं म्हणायचे, ‘‘आज धुकं चांगलं हाय.’’ मी बॅटऱ्या भरत, वायरी गुंडाळत म्हणायची, ‘‘उद्या नक्की.’’ त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. कुंपणातून ऐकू येईल एवढंच बोलले. माघ सरला, धुकं सरलं, आणि चैत्राच्या पालवीत, दुपारच्या झोपेतच, अण्णा गेले.

त्यानंतर कितीतरी दिवस मला ती फिल्म उघडवेना. मग यंदा पहिलं धुकं पडलं तशी मी एकटी घाटावर गेले, कॅमेरा होता त्याच पायरीवर माईक ठेवला आणि नुसती नदी भरून आणली. पाण्याची चुळबुळ, कपडे आपटणारी एक बाई, खंड्याची शीळ, पुलावरून गेलेली एसटी. हे सगळं अण्णांच्या आवाजापुढे अंथरलं, आणि त्यांचा आवाज हळूहळू मागे नेला, पायरी पायरी उतरवत, पाण्यापर्यंत. तिथे तो बसला. शेवटची टाळी धुक्यातून आली तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

काकूंना दोन्ही ऐकवायचं ठरवलं. आधी नवी फिल्म लावली. काकू ताठ बसून ऐकत होत्या, आणि मध्येच मान हलली. ‘‘व्हय. असंच यायचं ह्येंचं बोलणं, लांबनं. बरोबर झालंय.’’

मग जुनी लावली, चुकलेली. पहिल्याच वाक्याला काकू दचकल्या. दोन्ही हात हेडफोनवर गेले, कान घट्ट धरले, डोळे मिटले. पडद्यावर काडीएवढे अण्णा होते, पण काकू तिकडे पाहतच नव्हत्या.

‘‘अगं,’’ त्या कुजबुजल्या, ‘‘श्वास ऐकू येतोय की ह्येंचा.’’

फिल्म संपली तरी त्यांनी हात काढले नाहीत. मी विचारलं, ‘‘काकू, ही पुसून टाकू का? अण्णांना आवडली नव्हती.’’

‘‘लोकांस्नी ती दाखव, ह्येंच्या मापाची,’’ काकू म्हणाल्या. ‘‘ही मला ऱ्हाऊ दे. साठ वर्षं लांबनं ऐकलं गं.’’

आता पुन्हा पौष आहे. सकाळी कुंपणापाशी गेले की काकू ओसरीवर, अण्णांच्या जागी, हेडफोन लावून बसलेल्या दिसतात. समोरचा पडदा बहुतेक वेळा बंदच असतो. अण्णांच्या हिशेबाने ही चूकच, आणि ती माझी आहे. पण गेलेलं माणूस डोळ्यांना दिवसेंदिवस लहान, धूसर होत पाण्याच्या कडेला सरकत जातं, आणि त्याचा श्वास मात्र आपल्या कानाशीच चालू राहतो. मधली नदी मग आपणच, कधीतरी, पुसून टाकलेली असते.