अर्धेलीच्या म्हशीची निवडणूक

मी सेन्योरा बोलतेय. नाव ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर झालरीचा झगा घातलेली, हातातला पंखा हलवणारी बाई आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मी म्हैस आहे. पंखा नाही, शेपटी हलवते.

फिलिपिन्समधल्या पानाय बेटावरच्या मालबोग गावात, भर चिखलात माझा जन्म झाला. चिखल मला अजूनही आवडतो. लहानपणी नुसतं "चल" म्हटलं की मी जागची हलायची नाही. "चला बाईसाहेब" म्हटलं की मुकाट्यानं निघायची. म्हणून मालकानं नाव ठेवलं सेन्योरा. मालक म्हटलं खरं, पण त्यातही एक गोम आहे. मी अर्धेलीची म्हैस.

मालक म्हणजे आनिसेतो. नारळाची बाग, दुखरे गुडघे आणि खणखणीत आवाज, एवढी त्याची इस्टेट. जनावर सांभाळायला त्याला वेळ नव्हता, म्हणून मी दोन वर्षांची असताना त्यानं मला शेजारच्या कार्पियोच्या हवाली केलं. कागद नाही, सही नाही. बोली एवढीच, की चारापाणी कार्पियोनं करायचं, नांगराला मी कार्पियोच्या शेतात जायचं, आणि माझी वासरं पाळीपाळीनं वाटून घ्यायची. एक सांभाळणाऱ्याचं, पुढचं मालकाचं. आनिसेतो हा कार्पियोच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, त्यामुळं दोघं एकमेकांना 'पारे' म्हणायचे. आमच्याकडं पारे म्हणजे सख्ख्या भावाच्याही वर. भावाशी वाटणीवरून भांडण होतं, पारेशी होत नाही. असं मला तेव्हा वाटायचं.

पहिलं वासरू कार्पियोच्या पाळीचं होतं. नेमकं त्याच वर्षी वादळानं त्याच्या घराचं छप्पर उडवून नेलं, आणि माझं रेडकू नव्या पत्र्यांच्या बदल्यात गेलं. दुसरं आनिसेतोचं, ते तो रीतसर घेऊन गेला. मग चार वर्षं मी गाभणच राहिले नाही. राहिले तेव्हा कार्पियो बावन्न वर्षांचा झाला होता. त्याच्या बापाकडं स्वतःची म्हैस नव्हती, त्याच्याकडंही नव्हती. जन्मभर दुसऱ्याच्या जनावरामागं नांगर धरलेला माणूस तो. रोज संध्याकाळी माझ्या पोटावरून हात फिरवत म्हणायचा, "सेन्योरा, पारडी दे गं बाई. एकदा स्वतःची म्हैस जुंपून बघू दे, मग मेलो तरी चालेल."

मी कान हलवायची. याहून जास्त आश्वासन म्हशीला देता येत नाही.

आणि तेवढ्यात आली निवडणूक. फिलिपिन्समध्ये दर सहा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष निवडतात, आणि त्या तीन महिन्यांत माणसं आमच्यापेक्षा जास्त डुरकतात. त्या साली जांभळ्या रंगाच्या पक्षाकडून उभी होती एक जजबाई, आणि पोपटी रंगाच्या पक्षाकडून एक इंजिनिअरसाहेब. सकाळी एका रंगाची कर्ण्याची गाडी, दुपारी दुसऱ्या रंगाची. गाण्याची चाल दोघांचीही तीच, फक्त नाव वेगळं. कुंपणावर रंग, रिक्षांवर रंग, वाळत घातलेल्या बनियनवर रंग. चर्चमध्येसुद्धा उजवीकडं जांभळे बसू लागले आणि डावीकडं पोपटी. मध्ये बिचारे पाद्रीबाबा.

आनिसेतो झाला जांभळा. कार्पियो झाला पोपटी, कारण इंजिनिअरसाहेबांनी आमच्या नदीवर पूल बांधायचं कबूल केलं होतं. एके सकाळी आनिसेतोनं येऊन माझ्या डाव्या शिंगाला जांभळी फीत बांधली. "माझी म्हैस आहे," म्हणाला. दुपारी कार्पियोनं उजव्या शिंगाला पोपटी बांधली. "चारा माझा खाते," म्हणाला. मी संध्याकाळी डबक्यात उतरले आणि दोन्ही फिती एकाच रंगाच्या करून टाकल्या.

मग एप्रिलमधली ती दुपार आली. ऊन असं, की मी नाकपुड्यांपर्यंत पाण्यात. डबक्याच्या काठावर नारळाखाली दहा-बारा जण ताडी पीत बसलेले, आणि मधोमध माझे हे दोघे.

"पूल, पूल, पूल!" आनिसेतो म्हणाला. "गेल्या तीन निवडणुका पूलच ऐकतोय. तुझा पूल येईपर्यंत नदी आटून जाईल, पारे."

"आटू दे की! मग बांधायला सोपा."

"त्या इंजिनिअरला स्वतःच्या घरचा नळ तरी दुरुस्त करता येतो का, विचार."

"आणि तुझी जजबाई? एका कोंबडीचोराचा निकाल द्यायला तिनं बारा वर्षं लावली म्हणे. देश काय तारखांवर चालवायचाय?"

लोक हसले. आनिसेतोचा चेहरा लाल झाला. "तुम्ही पोपटीवाले म्हणजे मेंढरं. पुढचं खड्ड्यात गेलं की मागचं उडी मारतंय. जरा डोकं वापरायला शिका."

"तू वापरतोस ते दिसतंय," कार्पियो म्हणाला. "अक्कल गुडघ्यात आहे, म्हणून तर गुडघे दुखतात तुझे!"

असं हसू फुटलं, की एकाच्या नाकातून ताडी आली. खरं सांगते, मलाही हसू आलं. पण आनिसेतो हसला नाही. गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "माझी म्हैस सोड."

नऊ वर्षांत हे शब्द कधी उच्चारले गेले नव्हते. ते त्याच्या तोंडून निघाले मात्र, आणि तोच दचकला. आता माघार घ्यावी तर सगळ्या गावासमोर नाक कापलं जाणार. मग माणसं अशा वेळी करतात तेच त्यानं केलं. एका चुकीवर दुसरी चढवली.

"नाहीतर लाव पैज! इंजिनिअर आला तर सेन्योरा कायमची तुझी. जजबाई आली तर हिच्या पोटातलं वासरू माझं. आहे हिंमत?"

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, ते हेच! कार्पियोनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हण, नाही म्हण. पण आमच्या मान हलवण्याला लोक माश्या हाकलणं समजतात.

"लावली!" तो म्हणाला.

घरी गेल्यावर त्याच्या बायकोनं, दिओनिंगनं, जी काही खरडपट्टी काढली ती मला गोठ्यात ऐकू आली. "गाभण म्हैस आहे ती, झुंजीचा कोंबडा नव्हे पैजेवर लावायला! पाळी आपली, वासरू आपलं, ते त्या इंजिनिअरच्या नावानं उधळून आलास? त्यानं तुला ओळखलं तरी असतं का रस्त्यात?" आठवडाभर कार्पियोला नुसता भात आणि सुकी मासळी मिळाली. तिकडं आनिसेतोची बायको लूर्देस हिनंही नवऱ्याशी बोलणं टाकलं. दोघे पारे समोरासमोर आले की रस्ता बदलायचे. बायका मात्र कुंपणावरून भाजीच्या वाट्या पूर्वीसारख्याच देत-घेत होत्या, आणि सोबत नवऱ्यांची उणीदुणीही.

कार्पियो रोज यायचा, पोटावर हात ठेवायचा, पण आता पारडी मागायचा नाही. नुसता उभा राहायचा. वाईट वाटायचं हो मला.

मतदानाचा सोमवार आला. मतदान नदीपलीकडच्या शाळेत. बायका सकाळीच होडीनं गेल्या, कारण रांग लांब. कार्पियो दुपारी जाणार होता. माझा चारा उरकायचा होता ना. आणि नेमक्या दुपारीच मला कळा सुरू झाल्या.

पहिल्या दोन बाळंतपणांत काही त्रास झाला नव्हता. या वेळी वासराचा एक पाय बाहेर आला आणि दुसरा आतच दुमडून अडकला. जनावरांचा डॉक्टर तालुक्याच्या गावी, त्यात सुट्टीचा दिवस. गाव सगळं शाळेत. कार्पियो घामाघूम होऊन माझ्या मागं गुडघे टेकून बसला. आत हात घालून पाय सरळ करावा तर बाहेरचा पाय धरायला कुणी नाही, आणि तो धरावा तर आतला सापडत नाही. मी ओरडले. कशी ओरडले म्हणता! नदीपल्याड ऐकू गेलं असेल.

नदीपल्याडचं माहीत नाही, पण होडीत पाय ठेवत असलेल्या आनिसेतोला ऐकू गेलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो मत द्यायला निघाला होता. दुखऱ्या गुडघ्यांनी तो इतक्या लगबगीनं आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आला आणि थेट चिखलात बसला.

"कुठला पाय?"

"डावा. आत दुमडलाय. तू हा धर, मी तो काढतो."

बराच वेळ दोघं झटत होते. माझे डोळे मिटायला लागले की आनिसेतो माझ्या पाठीवर थाप मारायचा, "बाईसाहेब, ऐकताय ना? जरा जोर करा!" एकदा कार्पियो धापा टाकत म्हणाला, "पारे, ऊन उतरलं. तू जा, मत देऊन ये. मी बघतो."

"आणि हा पाय तुझा इंजिनिअर धरणार?"

"तुझं मत फुकट जाईल."

"तुझंही जातंय की. तुझं एक गेलं, माझं एक गेलं, फिट्टंफाट! ओढ आता!"

आतला पाय सरळ झाला. दोघांनी मिळून ओढलं, आणि वासरू सुळकन बाहेर आलं. श्वास घेईना. कार्पियोनं त्याच्या नाकातला चिकटा स्वतःच्या तोंडानं ओढून थुंकला. आनिसेतोनं इस्त्रीचा सदरा काढून त्याला खसाखसा पुसलं. ते शिंकलं. मग मी त्याला चाटायला घेतलं आणि त्या दोघांना बाजूला हो म्हणून शिंग दाखवलं.

पारडीच होती.

कार्पियो रडायला लागला. आनिसेतो म्हणाला, "ताडी काढ, पारे." तेव्हा दोघांना आठवलं, की मतदानाच्या दिवशी ताडीला बंदी असते. म्हणून दोघांनी एकेक शहाळं फोडलं. पैजेचा विषय मात्र एकानंही काढला नाही.

संध्याकाळी बायका परत आल्या. दोघींच्या बोटांना शाई. यांच्या बोटांना चिखल, रक्त, सगळं होतं. तेवढी शाई नव्हती. लूर्देस हसता हसता पायरीवर बसली. "तीन महिने गावाच्या कानठळ्या बसवल्या, आणि सगळ्या गावात मत न दिलेले दोघंच, तेही हेच!"

"हळू बोल!" दोघं एकदम म्हणाले.

त्यांनी बायकांना शपथ घातली. पुढचे काही दिवस काय तमाशा सांगू! आनिसेतो सतत खिशात हात घालून फिरायचा. कार्पियोनं बोटाला चिंधी गुंडाळली आणि 'म्हशीनं पाय दिला' म्हणून सांगत सुटला. माझ्यावर आळ! पण मी गप्प बसले.

निकाल लागला. जजबाई निवडून आली. दुसऱ्या सकाळी जांभळ्यांची मिरवणूक ढोल बडवत थेट कार्पियोच्या अंगणात. पुढं आनिसेतो, त्याला लोकांनी ढकलतच आणला होता. "पैज! पैज! सोड पारडी!"

कार्पियो वाद घालणारा माणूस, पण शब्द फिरवणारा नव्हे. गोठ्यात आला. पारडीचा दोर सोडायला लागला. मी वाटेत आडवी उभी राहिले, तर माझ्या कानात म्हणाला, "बाजूला व्हा, बाईसाहेब. बोललोय मी." दिओनिंग दाराआड पदर नसलेल्या झग्याच्या बाहीनंच डोळे पुसत होती. त्यानं दोर आनिसेतोच्या हातात दिला.

आनिसेतो दोराकडं बघत राहिला. मग त्यानं खिशातला दुसरा हात बाहेर काढला आणि बोट सगळ्यांसमोर वर धरलं. स्वच्छ बोट. शाईचा ठिपका नाही.

ढोल थांबला.

"बघा नीट," तो म्हणाला. "मी मतच दिलं नाही. तुमची जजबाई माझ्या मताशिवाय आली. ज्यानं मत दिलं नाही, त्यानं पैज कसली जिंकायची?"

"अरे, मग तीन महिने कशाला ओरडत होतास?" कुणीतरी विचारलं.

"अक्कल गुडघ्यात असली की असंच होतं," आनिसेतो म्हणाला, आणि दोर परत कार्पियोच्या हातात कोंबला. "पाळी तुझी होती, पारे. तुझीच आहे."

कार्पियोनं दातांनी चिंधी सोडली आणि आपलंही बोट वर केलं. मग जे हसणं सुरू झालं, त्यात जांभळे कोण आणि पोपटी कोण ते मला ओळखू येईना. त्या दिवशी ताडीला बंदी नव्हती.

दोन वर्षांनी कार्पियोनं स्वतःच्या म्हशीला पहिल्यांदा नांगर जुंपला. नांगराची पहिली रेघ अगदी वाकडी गेली, कारण तो जमिनीकडं न बघता तिच्याकडंच बघत होता. मी बांधावरून पाहिलं. आयुष्यात आणखी काय हवं?

आता माझं वय झालं. नांगर सुटला, मी दिवसभर डबक्यात. सहा वर्षं उलटली आणि परवा पुन्हा कर्ण्याची गाडी येऊन गेली. या खेपेला आनिसेतो तांबडा आहे आणि कार्पियो पांढरा, आणि काठावर पुन्हा तीच बोंबाबोंब चालू आहे. ओरडू देत बापडे. पूल अजून झालेला नाही, त्यामुळं विषयांना तोटा नाही.

माझी देवाकडं एकच विनंती आहे. माझी लेक सध्या गाभण आहे. तिला मतदानाच्या दिवशी तेवढ्या कळा येऊ नयेत. या दोघांना यंदा तरी मत देऊ दे.